दाजी आल्यात

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी औषधाच्या कंपनीची आहे. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी दिली. म्हणाल्या, "आकाराममामा, पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडणं बंद करा. काय राग असेल तो हिच्यात ओतत जा." मिरजेच्या आमच्या दवाखान्यात वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात. मामा स्ट्रेचर आणा, मामा सलाइन संपलं, मामा चादर बदला. दिवसभर मी अख्ख्या मिरजेचा मामा. आणि माझी स्वतःची पोरगी मला काय म्हणते? दाजी.

आज मलकापूरला गेलो होतो. बायको दीपमाला तिथं माहेरी असते. बाळंतपणाला गेली होती, सव्वा महिन्यासाठी. मग माझी आधीची नोकरी सुटली, खोलीचं भाडं परवडेना, तिला तिकडंच शिलाईच्या कारखान्यात काम लागलं आणि पोर सांभाळायला सासूबाई होत्याच. सव्वा महिन्याची सहा वर्षं होत आली. मी मिरजेत एका खोलीत चौघांबरोबर राहतो आणि सुट्टी मिळेल त्या रविवारी एसटीनं जातो.

नंदू दारातच खेळत होती. पूर्ण नाव राजनंदिनी, ते मी ठेवलं, तेवढंच काय ते माझं. मला बघितलं आणि उलटी आत पळाली. "मामा, दाजी आल्यात!" मेव्हणा जोतीराम मला दाजी म्हणतो, बहिणीचा नवरा म्हणून. तेच ऐकून हीपण म्हणते. त्या घरात मला पप्पा म्हणणारं आहे कोण, की तिनं ऐकावं?

दीपमाला हसली. "ऱ्हाऊ द्या की. मोठी झाली की कळंल तिला."

"मोठी कवा व्हायची? लग्नाच्या पत्रिकेत पण दाजीच छापणार हायसा का?"

मला खुर्ची दिली, चहा-बिस्कीट दिलं. पाव्हण्याला देतात तसं. नंदू जोतीरामच्या खांद्यावर बसून आली आणि तिथूनच माझ्याकडं बघत बसली. त्याची पिठाची गिरण आहे घरापुढं. पोरीच्या केसांना सुद्धा पिठाचा वास येतो.

कान टोचले ते मामाच्या मांडीवर, मान्य, रीतच आहे. उद्या लग्नात तिला धरून मांडवात आणणार मामा, तीपण रीत. वर आभाळात बघावं तर चांदोबा, तो पण मामाच. सगळ्या रिती मामाच्या बाजूच्या. बापाच्या वाट्याला बिस्कीट.

२६ जानेवारी

नंदूला लाइट लागणारी सँडल नेली होती. मिरजेत दुकानदारानं विचारलं, नंबर काय? मी म्हटलं, सहा वर्षांची आहे, द्या अंदाजानं. तिला घातली तर टाच बाहेर. दोन पावलं चालली आणि बसली.

जोतीराम म्हणाला, "आवं दाजी, हल्ली माप बारीकच येतंय. पट्टा जरा ढिला करतो, हुतंय." दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालून आपण मोठं व्हायचं, ही याची जुनी खोड.

नंदू लगेच म्हणाली, "मामाला माझं माप म्हाईत हाय."

"असंल की," मी म्हटलं. एसटीत बसल्यावर आठवलं की तोंड गोड करायला आणलेले पेढे पिशवीतच राहिले. खोलीवर येऊन मी एकट्यानं खाल्ले. गोड लागले नाहीत.

५ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. नंदूला तीन दिवस ताप होता आणि मला आज कळतंय! ते पण चुकून. दीपमाला फोनवर बोलता बोलता म्हणाली, "आज उतरला बाई एकदाचा." मी म्हटलं, काय उतरला?

मी दवाखान्यात काम करतो. परक्या माणसांच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलतो. आणि माझ्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या कोण ठेवतंय, तर जोतीराम. गिरण बंद ठेवली म्हणे त्यानं. गावातली बायका-माणसं दळणाचे डबे घेऊन परत गेली. केवढा त्याग! पेपरात द्या आता.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमची नाइट चालली हुती. रजा टाकून पळत आला असता, मग पगार कापला असता. जोती म्हणला, दाजींना घोर नको लावायला."

"त्यो कोण ठरवणारा? बाप हाय का तो?"

फोन चालू होता, मला दीपमालाचं शिलाई मशीन ऐकू येत होतं. मग म्हणाली, "ताप आल्यावर जो जवळ आसतोय त्यालाच हाका मारती पोरगी. त्यात त्याची काय चूक?" आणि फोन ठेवला.

९ फेब्रुवारी

मला उपाय सापडला. जोतीरामचं लग्न लावायचं.

बत्तीस वर्षांचा घोडा झाला, बिनलग्नाचा. स्वतःचं पोर नाही म्हणून माझं धरून बसलाय. एकदा बायको आली, घरात पाळणा हलला की हा कुणाला खांद्यावर घेतो ते बघू. मग नंदू येईल बापाकडं. जूनमध्ये तिला पहिलीत घालायची आहे, ती मिरजेतच घालायची.

सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, "वा मामा, मेव्हण्याचं लग्न जमवणं म्हणजे पुण्याचं काम." म्हटलं, हो ना. इथं मात्र खरं लिहून ठेवतो. पुण्यासाठी नाही, पोटदुखीसाठी करतोय.

२ मार्च

कोण देत नाही पोरगी. पलूसच्या एका पाव्हण्यानं तोंडावर सांगितलं, "गिरणीवाला? आमच्या मुलीला पुण्यात नोकरीवाला पाहिजे, फ्लॅटवाला." दुसरीकडं गेलो तर मुलीनंच विचारलं, शेती किती? जोतीरामला ऊस आहे अर्धा एकर. ती उठून आत गेली.

घरी सांगितलं तेव्हा जोतीराम हसून म्हणाला, "सोडा की दाजी नाद. मला कुठं एकटं वाटतंय? नंदू हाय की."

तेच तर!

११ मार्च

स्त्रियांच्या वॉर्डात शकुंतला मावशी आहे. आम्ही मामा, तशा त्या मावश्या. तिशीची बाई, जतकडची. नवरा ट्रकवर होता, गेला अपघातात. एक मुलगी आहे, तेजू, नंदूच्याच वयाची. मायलेकी सांगलीत भावाकडं राहतात. आज कँटीनमध्ये चहा पिताना मी सरळच विषय काढला.

तिनं चहा संपवला. मग म्हणाली, "पोरीसकट घेणार आसतील तर पुढं बोला. न्हाईतर हितंच थांबू."

मला मनातून उकळ्या फुटल्या. पोरीसकट! म्हणजे लग्न झाल्या दिवसापासून बंदोबस्त.

मी माझीही कहाणी सांगितली. पोरगी मामाकडं असते, मामाच्याच मागं मागं करते, मला विचारत नाही. वाटलं, हळहळेल. ती म्हणाली, "नशीबवान हायसा. माझीबी मामाच्याच घरात हाय. कोपऱ्यात बसून जेवती. भावजय दूध वाढताना आधी तिच्या पोरांकडं बघती, मग माझ्या पोरीकडं. भाऊ बघून न बघितल्यागत करतोय."

हे ऐकून मला जोतीरामचा आणखीच राग आला. का ते सांगता येत नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर सासूबाईंपुढं विषय काढला. बनुबाई म्हणजे बोलायला फटकळ. "विधवा? वर पोरगी? माझ्या ल्योकाला काय कमी हाय?"

मी म्हटलं, "कमी कायच न्हाई, पर तीन वर्सं तुमी बघतायसा, कोण देतंय का?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. दीपमाला माझ्याकडं टक लावून बघत होती. तिला शंका आली असणार.

जोतीराम उंबऱ्यात बसून गिरणीचा पट्टा साफ करत होता. पट्टा खाली ठेवला. मग विचारलं, "पोरगी केवढी हाय?"

"सहा वर्सांची."

"म्हंजी आमच्या नंदूएवढीच की." आणि थोड्या वेळानं, "बाप न्हाई म्हंता तिला?"

बास. ठरलं. बाईचा फोटोसुद्धा नीट बघितला नाही पठ्ठ्यानं.

'आमच्या नंदूएवढी' म्हणाला. आमच्या! पण म्हटलं, म्हण बाबा, थोडेच दिवस राहिलेत.

३० एप्रिल, अक्षयतृतीया

लग्न झालं. देवळात, घरचीच माणसं. मी मधला माणूस, त्यामुळं माझा मान मोठा. फेटा बांधला होता. शकुंतलाच्या भावानं आहेर केला आणि जेवण होताच निघून गेला. सुटल्यासारखा दिसत होता.

संध्याकाळी अंगणात सगळे बसलो होतो. तेजू आईच्या पदराआड होती. एकदम पुढं आली आणि जोतीरामला म्हणाली, "अप्पा, पाणी पाहिजे." जतच्या बाजूला कानडी लोकांत बापाला अप्पा म्हणतात. जोतीराम उठला, तांब्या घेतला, आणि तिथंच उभ्या उभ्या रडायला लागला. सासूबाईसुद्धा रडल्या. दीपमालापण.

मी शकुंतलाला विचारलं, "कुणी शिकवलं हिला?"

"कुणी न्हाई. परवा इचारत हुती, त्यास्नी काय म्हणू? मी म्हणलं, तुला वाटंल ते म्हण."

म्हणजे बघा! दुपारी बाप झालेला माणूस संध्याकाळी अप्पा झाला, आणि मी सहा वर्षांचा बाप अजून दाजीच. माझ्याच हातानं केलेल्या लग्नात मला जेवण गेलं नाही. असो. काम फत्ते झालं, हे महत्त्वाचं.

नंदू जरा गप्प होती. गिरणीच्या दाराआड जाऊन बसली होती. ऊन लागलं असेल.

१४ मे

दीपमालाचा फोन. नंदू तेजूला चावली. दंडाला दात उमटलेत. त्याआधी तिच्या चपला चरीत टाकल्या. दळणाचा भरलेला डबा ओतला, तो शेजारणीचा होता.

मी सगळं ऐकून घेतलं आणि खरं सांगतो, मला हसू आलं. छाती फुगली. चावली! आमच्याच घराण्याची आहे. माझा बाप असाच होता, मीपण असाच. एवढी वर्षं वाटायचं हिच्यात माझं काहीच उतरलं नाही.

"हसायला काय झालं?" दीपमाला ओरडली. "जेवत न्हाई ती. जोती तेजूला उचलतोय का काय बघत बसती दिवसभर."

१८ मे, रविवार

गेलो. पोरगी वाळलीय. मला बघून "दाजी आल्यात" पण म्हणाली नाही.

जोतीराम एका मांडीवर तेजूला घेऊन बसला होता. दुसरी मांडी मोकळी ठेवली होती. "ये की गं नंदू, ही तुझीच हाय." नंदू भिंतीकडं तोंड करून उभी. तेजू बिचारी उठायला लागली तर जोतीरामनं तिला उठू दिलं नाही, आणि नंदूला ओढलंही नाही. मला वाटतं त्याला दोन्ही येत नव्हतं. मग मला गिरणीत नेऊन म्हणाला, "दाजी, मी कुठं चुकलो का? एकीला घ्यावं तर दुसरीचं तोंड बघवत न्हाई. तेजूला खाली ठिवलं तर ती लगीच कोपऱ्यात जाऊन बसती, सवय हाय तिला तशी. नंदू माझी हक्काची हाय म्हणून तिला म्हणतोय जरा दम धर. तिला ते कळत न्हाई."

मी म्हटलं, "नंदूला मी घेऊन जातो. दीपमालाला पण. खोली बघितलीय मिरजेत."

त्याचं तोंड पडलं. मी या घडीची जानेवारीपासून वाट बघत होतो. बरं वाटेल असं वाटलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "न्या बाबा. लेक सासरीच शोभती."

एसटीपर्यंत दीपमाला सोडायला आली. "तुमी जोतीचं लगीन कशापायी लावलंसा ते मला म्हाईत हाय बरं का. पयल्या दिवसापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"शकुंतलेकडं बघून. आनी त्या लेकराकडं."

१ जून, रविवार

आले. रेल्वेच्या रुळाजवळ खोली, वर पत्रा, भाड्याची, पण स्वतंत्र. दीपमालानं मशीन आणलंय, साड्यांना फॉल लावायचं काम बघणार. जोतीरामनं टेंपोत सामान चढवून दिलं. पिठाचं पोतंपण दिलं. नंदू टेंपोत पुढं माझ्याशेजारी बसली. त्यानं खिडकीतून हात पुढं केला तर तिनं काच वर केली.

मी जिंकलो.

१० जून

नंदू बोलत नाही. म्हणजे बोलते, पाणी द्या, भूक न्हाई, एवढंच. मी ड्यूटीवरून आलो की दारात बसलेली असते, माझी वाट बघत नाही, नुसतीच बसते. रंगाच्या कांड्या आणल्या, उघडल्या नाहीत. आज तिला दवाखान्यात नेलं. सिस्टरांनी गालगुच्चा घेतला, एका पेशंटनं केळं दिलं. घरी येताना तिनं विचारलं, "हितं सगळी तुमाला मामा म्हणत्यात?"

"व्हय."

"तुमी कुणाला खांद्यावर घेतासा?"

"कुणालाच न्हाई. स्ट्रेचर ढकलतो."

"बरं," म्हणाली.

१६ जून

शाळा सुरू झाली. नगरपालिकेची. बाईंनी मुलांना विचारलं, घरी कोण कोण असतं? दीपमाला दाराशी उभी होती, तिनं ऐकलं. नंदू म्हणाली, "आई आसती आनी दाजी आस्त्यात. मामा न्हाई आता." बाई दीपमालाकडं बघायला लागल्या. दीपमाला शरमेनं मेली म्हणे. मला राग येईल म्हणून सांगताना भीत होती. मला राग नाही आला.

१९ जून

संध्याकाळी पायरीवर नंदूशेजारी बसलो होतो. मालगाडी चालली होती. ती संपल्यावर नंदू एकदम म्हणाली, "तेजू लय वाईट हाय."

असं म्हणू नये, असं म्हणायला तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडानं? मी म्हटलं, "व्हय?"

"व्हय. ती आली की मामा माझ्याकडं बघत न्हाई. बघतोय, पर आधी तिच्याकडं बघतोय."

"हितं दुखतंय का?" मी तिच्या पोटावर बोट ठेवलं.

तिनं मान हलवली. मग विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"मला पण दुखायचं."

"कुणामुळं?"

"तुझ्या मामामुळं."

ती माझ्याकडं वळली. एवढं नीट तिनं माझ्याकडं कधी बघितलंच नव्हतं. "मामा वाईट हाय?"

"न्हाई गं. लय चांगला हाय. म्हणूनच राग यायचा."

तिनं बराच विचार केला. पायानं माती उकरत होती. "तेजूपण चांगलीच हाय," ती म्हणाली आणि तिचे ओठ वाकडे झाले. "तिनं मला तिची बाहुली दिली हुती. मी घेतली न्हाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. रडून झाल्यावर नाक फ्रॉकला पुसलं आणि विचारलं, "मग तुमी काय केलं? पोटात दुखायचं तवा?"

काय सांगू? तुझ्या मामाला तुझ्यापासून तोडायला मी त्याला बायको आणून दिली, पोर आणून दिलं, आणि आता तुला घेऊन इथं बसलोय? लेकरानं साधा उपाय विचारला होता. माझ्याकडं जो होता तो तिच्यावरच चालवून झाला होता.

"काय न्हाई केलं," मी म्हटलं. "तसाच बसलो."

"मग थांबलं?"

"न्हाई."

आत जाऊन जोतीरामला फोन लावला. म्हटलं, रविवारी ये. त्यानं विचारलं, काय झालं, बरं न्हाई का कुणाला? मी म्हटलं, सगळी बरी आहेत, तू ये. तिकडं त्यानं गिरण बंद केली. मग म्हणाला, "दाजी, लय उपकार झालं." मला शिवी दिल्यासारखं वाटलं.

२२ जून, रविवार

जोतीराम एकटाच आला. नंदूला मी सांगितलं नव्हतं. मी दारात चहा घेऊन उभा होतो, गल्लीच्या तोंडाशी तो दिसला. नंदू माझ्या पायातून अशी सुटली की चहा माझ्या हातावर सांडला. भाजलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. त्याच्यापाशी पोचल्यावर मात्र थांबली, दोन हात मागं बांधले आणि तोंड फिरवलं. तो रस्त्यातच खाली बसला. काय बोलला ऐकू आलं नाही. मग ती त्याच्या गळ्यात पडली आणि एवढ्या मोठ्यानं रडली की शेजारणी बाहेर आल्या.

माझ्या पोटात दुखलं. सहा वर्षांत दुखलं नव्हतं एवढं. दीपमाला म्हणाली, "हात पाण्यात धरा." म्हटलं, धरतो, तू त्याला चहा टाक.

दिवसभर खांद्यावरून उतरली नाही. जेवताना त्यानं तिला सांगितलं, तेजू रोज विचारते नंदू कधी येणार. नंदूनं उठून तिच्या रंगाच्या कांड्या आणल्या, मी आणलेल्या, न उघडलेल्या, आणि त्याच्या पिशवीत टाकल्या. "तिला दे. मामा, सांगू नको मी दिल्या म्हणून."

जोतीराम माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "बघतोस काय? पुढच्या खेपेला तेजूला घेऊन ये. चावली तर मी हाय मलमपट्टीला."

त्याला सोडायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. एसटी हलली, तो खिडकीतून हात करत होता, नंदू एसटी दिसेनाशी होईपर्यंत हात करत राहिली. मग तो हात खाली आला आणि तिनं माझं बोट धरलं, भाजलेल्या हाताचं.

मामा गेला म्हणून धरलं. हे न कळायला मी खुळा नाही. तो असता तर धरलं नसतं, आणि परत येईल तेव्हा सोडणार. जिवाची चरफड झाली. पण बोट मी काढून घेतलं नाही, आणि घर येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही.